फॅशनच्या व्यवसायातील कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रिया आणि बडोद्यातील आमची शिलाईची खोली

प्रश्न
आभलेवाली (दांडिया बाजार, बडोदे)

सर्व सदस्यांना नमस्कार. दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी आणि माझ्या धाकट्या जावेची चणिया-चोळी शिवण्याची खोली आहे. वर्षातले आठ महिने आम्ही जे शिवतो ते नवरात्रीच्या आधीच्या दीड महिन्यात विकले जाते, आणि त्या विक्रीवर आमच्या दोन घरांबरोबर सहा कारागिरांचीही घरे चालतात. माझी लेक वस्त्रशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून अमेरिका आणि ब्रिटन येथील फॅशनच्या व्यवसायातील कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रिया (जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया) हा विषय तिने प्रबंधासाठी घेतला आहे. गेले दोन महिने रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे हेच बोलणे चालते, आणि त्यातूनच हा प्रश्न उभा राहिला आहे.

तिने सांगितलेली एक हकीकत माझ्या मनातून जात नाही. ट्रेसी नॉर्मन ही न्यू जर्सीतील न्यूआर्क शहरातली कृष्णवर्णीय मुलगी सत्तरच्या दशकात मॉडेल झाली. अर्व्हिंग पेन यांच्यासारख्या नामवंत छायाचित्रकाराने ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या इटालियन आवृत्तीसाठी तिची छायाचित्रे काढली, आणि क्लेरॉल कंपनीने केसांच्या रंगाच्या खोक्यावर तिचा चेहरा छापला. ५१२ क्रमांकाचा तो गडद तांबूस रंग अमेरिकेतील दुकानांच्या फळ्यांवर अनेक वर्षे होता. जन्माच्या वेळी आपली नोंद मुलगा म्हणून झाली होती, हे तिने व्यवसायात कोणाला सांगितले नव्हते. १९८० च्या सुमारास एका छायाचित्रणाच्या वेळी केशरचनाकाराच्या मदतनिसाने तिला ओळखले, ती गोष्ट त्याने संपादकांच्या कानावर घातली, आणि त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये तिला काम मिळेनासे झाले.

ही हकीकत ऐकल्यापासून आमच्या दुकानाच्या भिंतीवरचा फ्लेक्स मला टोचू लागला आहे. दोन वर्षांपूर्वी येथील एका खासगी विद्यापीठात शिकणारी आफ्रिकेतील एक विद्यार्थिनी मैत्रिणींबरोबर गरब्यासाठी कपडे घ्यायला आली होती. तिच्या गडद कांतीवर हळदी रंगाची चोळी आणि मोरपंखी चणिया इतका खुलला की मी शेजारच्या फोटोग्राफरला बोलावले. त्याने फोटो काढले, फ्लेक्स छापून आणला, आणि तो उलगडल्यावर आम्हाला दिसले की त्याने तिचा चेहरा चांगलाच उजळ केला होता. आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही. त्या हंगामात तोच चणिया सर्वांत जास्त विकला गेला. त्या मुलीला आम्ही एक ओढणी भेट दिली, मोबदला असा काही दिला नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावलेही नाही.

दुसरी गोष्ट गेल्या ज्येष्ठातली आहे, आणि ती लिहिताना अधिक जड जाते. एक ट्रान्स स्त्री आभल्याच्या, म्हणजे कापडावर छोटे आरसे टाकण्याच्या, कामाचा नमुना घेऊन काम मागायला आली होती. कापड उलटे करून पाहिले तर मागच्या बाजूलाही गाठ दिसत नव्हती, आणि आभल्याभोवतीचा प्रत्येक टाका सारख्या लांबीचा होता. मी तिला “कळवते” म्हणाले आणि कळवले नाही. आमच्या खोलीत एकच स्वच्छतागृह आहे, आमच्या जुन्या कारागीर बायका कुरकुर करतील, एवढाच विचार त्यामागे होता. कामात खोट काढण्यासारखे काहीही नव्हते.

आता माझा प्रश्न असा आहे की, ज्या स्त्रियांविषयी माझी लेक लिहिते आहे त्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे माझ्यासारख्या छोट्या दुकानदारणीने नेमके काय करणे. माझे दीर विचारतात की आपल्याकडचे प्रश्न संपले आहेत का, न्यूयॉर्कच्या बायकांची चिंता बडोद्यात बसून कशाला करायची. त्यांना द्यायला माझ्यापाशी नीट उत्तर नाही. शिवाय या स्त्रियांसाठी मराठीत कोणता शब्द वापरावा, हेही जाणकारांनी सांगावे, कारण लेकीच्या प्रबंधाचा सारांश मराठीतही छापायचा आहे.


उत्तर
न्यूआर्ककर बडोदेकर

ताई, आपण ज्या शहराचा उल्लेख केला त्याच शहरात मी राहतो. माझे बालपण रावपुऱ्यात गेले आणि गेली एकोणीस वर्षे मी नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये नमुने कापण्याच्या एका कारखान्यात काम करतो, त्यामुळे या व्यवसायाची मागची बाजू मी रोज पाहतो.

ट्रेसी नॉर्मन यांच्या हकिकतीचा उत्तरार्धही आपल्या लेकीने अवश्य लिहावा. न्यूयॉर्कची दारे बंद झाल्यावर त्यांनी काही काळ पॅरिसमध्ये बालेन्सियागा या फॅशन कंपनीच्या शोरूममध्ये काम केले. पुढे अनेक वर्षे मोठ्या मासिकांतून त्यांचे नाव दिसले नाही. २०१५ च्या अखेरीस एका न्यूयॉर्कच्या नियतकालिकाने त्यांच्यावर विस्तृत लेख प्रसिद्ध केला, आणि २०१६ मध्ये क्लेरॉलने त्यांना पुन्हा आपल्या जाहिरातीत घेतले. त्याच वर्षी ‘हार्पर्स बाझार’च्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर जीना रोसेरो या फिलिपिनो-अमेरिकन ट्रान्स मॉडेलसमवेत त्या झळकल्या. सन्मान झाला, याचा आनंदच आहे. पण मधली तीस-पस्तीस वर्षे, म्हणजे मॉडेलचे कमावते वय, परत आले नाही. तिचा चेहरा आणि तिचे केस १९८० च्या त्या दिवसाच्या आदल्या दिवशी जसे होते तसेच दुसऱ्या दिवशीही होते. मधल्या काळात लोकांना तिच्याविषयी एक माहिती मिळाली होती, इतकाच काय तो फरक.

या व्यवसायाने अशा स्त्रियांकडून घेतले किती, हेही पाहावे लागेल. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ट्रान्स स्त्रिया व समलिंगी पुरुष ‘बॉल’, म्हणजे वेशभूषा आणि नृत्याच्या स्पर्धा, भरवीत असत. सौंदर्यस्पर्धांतील गोऱ्या परीक्षकांच्या पक्षपाताला कंटाळून क्रिस्टल लबेजा यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपले स्वतंत्र ‘हाउस’ उभे केले. हाउस म्हणजे आपल्या भाषेत घराणेच म्हणा. तिथे घराण्याची एक ‘मदर’ असते, आणि घरातून हाकललेल्या मुलांना तीच जेवू घालते, चालायला शिकवते, कपडे शिवायला शिकवते. मासिकातील मॉडेलच्या पवित्र्यांवरून घडलेला ‘व्होगिंग’ हा नृत्यप्रकार तिथलाच आहे, आणि पुढे तो जगभरच्या मंचांवर पोहोचला. ज्यांनी तो घडवला त्यांच्यापैकी बहुतेकींना त्या मंचांमागच्या खोलीतही जागा मिळाली नाही.

अलीकडे दारे काहीशी उघडली आहेत. लेना ब्लूम यांचे छायाचित्र २०१७ मध्ये ‘व्होग इंडिया’त आले आणि २०२१ मध्ये त्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या पोहण्याच्या पोशाखांच्या अंकाच्या मुखपृष्ठावर आल्या. अँटिग्वामध्ये जन्मलेल्या आणि चाकांची खुर्ची वापरणाऱ्या ॲरन फिलिप यांना २०१८ मध्ये एका मोठ्या मॉडेल एजन्सीने करारबद्ध केले. पण उघडलेले दार किती सहज लोटले जाते, त्याचेही उदाहरण आहे. ब्रिटनमधील मनरो बर्गडॉर्फ यांना लॉरिअलने २०१७ मध्ये जाहिरातीसाठी घेतले आणि वर्णद्वेषाविषयी त्यांनी समाजमाध्यमावर लिहिल्यावर काही दिवसांतच काढून टाकले. २०२० मध्ये तीच कंपनी वर्णद्वेषाविरुद्ध बोलू लागली तेव्हा बर्गडॉर्फ यांनी जाहीरपणे जाब विचारला, आणि मग कंपनीने त्यांना ब्रिटनमधील विविधताविषयक सल्लागार मंडळावर येण्याचे निमंत्रण दिले. आपल्या लेकीला मी सुचवीन की मुखपृष्ठे मोजण्यापेक्षा दुसरे, तिसरे, दहावे काम कोणाला मिळाले ते तिने मोजावे.

सप्टेंबर २०१९ मधील एक दृश्य मी विसरू शकत नाही. इंडिया मूर हे कलाकार येथील फॅशन-माध्यमांच्या पुरस्कार सोहळ्याला लांबलचक कर्णभूषणे घालून आले होते. सोनेरी चौकटींच्या त्या झुंबरांत त्या वर्षी अमेरिकेत मारल्या गेलेल्या सोळा, बहुतेक कृष्णवर्णीय, ट्रान्स स्त्रियांची छायाचित्रे बसवलेली होती. दागिने तयार झाल्यानंतर आणखी एकीचा खून झाला होता, म्हणून सतरावे छायाचित्र त्यांनी हातात धरले होते. ज्या व्यवसायाचे सारे लक्ष कानातल्याच्या डौलावर असते, त्याला त्याच कानातल्यात हे पाहावे लागले.

आता आपल्या दिरांच्या प्रश्नाकडे येतो. १४ जून २०२० रोजी ब्रुकलिन म्युझियमसमोर कृष्णवर्णीय ट्रान्स लोकांच्या जिवासाठी सुमारे पंधरा हजार माणसे पांढरे कपडे घालून जमली होती. पांढऱ्या कपड्यांची कल्पना २८ जुलै १९१७ च्या मूक मोर्चावरून घेतलेली होती. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय नागरिक एक शब्दही न उच्चारता चालत गेले होते, आणि स्त्रिया व मुले पांढऱ्या वेशात होती. त्याच १९१७ च्या सप्टेंबरात, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात रुजू झाले. राज्याची नोकरी होती, खुद्द महाराजांचा पाठिंबा होता, पण राहायला खोली कोणी दिली नाही. पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि कमाटीबागेत एका झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. नोकरी असूनही छप्पर नाकारले की माणूस त्या गावात टिकत नाही, हे बडोद्याला कोणी न्यूयॉर्कहून येऊन शिकवायला नको. आज ब्रुकलिनमध्ये ‘फॉर द ग्वर्ल्स’ हा उपक्रम मेजवान्यांच्या तिकिटांतून कृष्णवर्णीय ट्रान्स व्यक्तींचे घरभाडे भागवतो, तेव्हा मला कमाटीबागेतले ते झाड आठवते. दिरांना माझा नमस्कार सांगून हे जरूर वाचायला द्यावे.


उत्तर
वाडीतला वाचक

वरील उत्तर मी दोनदा वाचले आणि त्यातील बरेच काही मला नव्याने कळले. तरीही एका बाबतीत सावध करावेसे वाटते. ताईंच्या प्रश्नात दोन माणसे आहेत. एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आहे, जी ट्रान्स असल्याचे ताईंनी कुठेही म्हटलेले नाही, आणि दुसरी ट्रान्स स्त्री आहे, जी कृष्णवर्णीय नाही. या दोघींची बेरीज करून कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रीचा अनुभव आपल्याला समजला असे मानले, तर ती चूक होईल. अमेरिकेत या स्त्रियांच्या वाट्याला येणारे वागणे दोन स्वतंत्र अपमानांची गोळाबेरीज नसते. गुलामगिरीचा इतिहास, पोलिसांचा संशय, गोऱ्या स्त्रीच्या मापाने ठरलेली ‘स्त्रीसारखी दिसण्याची’ कल्पना, हे सारे एकाच शरीरावर एकाच वेळी येऊन पडते. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा अनुभव दलित ट्रान्स स्त्रीचा असू शकेल, पण जवळ जाणे म्हणजे तेच असणे नव्हे.

आपल्या गुजरातेतच शतकानुशतके राहणाऱ्या सिद्दी समाजाचा विचार या संदर्भात फारसा कोणी करत नाही. आपल्यापासून फार दूर नसलेल्या भरूच जिल्ह्यातील रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे, गीरजवळचे जांबूर गाव तर सिद्दींचे म्हणूनच ओळखले जाते. त्यांच्या धमाल नृत्यासाठी आपण त्यांना समारंभात बोलावतो, टाळ्या वाजवतो, आणि चणिया-चोळीच्या एकाही जाहिरातीत त्यांची मुलगी दिसत नाही. ती गुजराती बोलते, गरबा खेळते, तरी गरब्याच्या फ्लेक्सवर तिला जागा नाही. गोरेपणाच्या क्रीमचे नाव २०२० मध्ये बदलले गेले. फोटोग्राफरचा हात मात्र आजही आपोआप चेहरा उजळायला जातो, आणि ग्राहकाला तेच हवे असते असे आपण सगळेच गृहीत धरतो.

ट्रान्स स्त्रियांच्या बाबतीत बडोद्याकडे सांगण्यासारखे काही आहे. केंद्राच्या ‘गरिमा गृह’ योजनेतील निवाऱ्याचे उद्घाटन २५ नोव्हेंबर २०२० रोजी झाले ते आपल्याच शहरात, आणि तो लक्ष्य ट्रस्टने चालवायला घेतला. निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीला काम लागते, आणि काम देणारे आपल्यासारखेच असतात. ताईंनी पहिली चौकशी तिथे करावी, असे मला वाटते. मंचाविषयी म्हणाल तर नेपाळच्या अंजली लामा यांनी २०१७ मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये पाऊल टाकले, आणि त्याआधी दोन वेळा निवडचाचणीत त्यांना नकार मिळाला होता. त्या तिसऱ्यांदा गेल्या, हा त्यांचा निर्धार झाला. किती जणींना तिसऱ्यांदा जाण्याचे प्रवासभाडे परवडते, याचा विचार निवड करणाऱ्यांनी करायला हवा.


उत्तर
कापणी मास्तर (निवृत्त)

मी चाळीस वर्षे मंगळ बाजारात ब्लाउज आणि चोळ्या कापल्या आहेत. इतिहासात मी बोलणार नाही, वर दोघांनी तो चांगला सांगितला आहे. मी मापांविषयी लिहितो, कारण माणसाला दुकानात आपलेपणा वाटतो की परकेपणा, हे बरेचसे मापाच्या फितीजवळ ठरते.

आपण सगळे छातीच्या मापावरून बाकीची मापे काढायला शिकलो. मुंढा (बाही जोडायची गोलाई) किती खोल, पाठ किती रुंद, खांदा किती, हे छातीचा अमुक भाग अधिक एवढे इंच, असे हिशेबाने येते. हा हिशेब ज्या शरीरांवर बसवला गेला त्यांच्यापेक्षा वेगळे शरीर समोर आले की चोळी पुढे फुगते आणि मागून ओढली जाते. पुष्कळ ट्रान्स स्त्रियांचा खांदा आणि पाठ छातीच्या मानाने रुंद असते. अशा वेळी खांदा हिशेबाने न काढता टोकापासून टोकापर्यंत फितीने मोजावा, पाठीची रुंदी वेगळी घ्यावी, मुंढा अर्धा इंच सैल ठेवावा, टक्स छातीच्या खऱ्या उंचीवर आणावेत आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत नेहमीपेक्षा जास्त माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवावी. काहींच्या शरीरात औषधोपचाराने वर्ष-दोन वर्षांत बदल होत असतो, त्यांना ही माया फार उपयोगी पडते. चणियाला कळ्या वाढवल्या की कमरेखाली भरदारपणा येतो, आणि उंच मुलीसाठी लांबी कमरेपासून जमिनीपर्यंत, ती जे पायात घालणार आहे ते घालून, मोजावी. आफ्रिकेतील मुलींनाही आपली तयार मापे दंडाला आणि उंचीला तोकडी पडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्याकडे ‘हिचे शरीर बसत नाही’ असे बोलायची सवय आहे. नमुना कागदाचा असतो आणि कागद नव्याने कापता येतो, एवढे कारागिरांना समजावले तर ते बोलणे थांबते.

माप घेताना आधी विचारावे की कोणी घेतलेले चालेल. पडदा पूर्ण मिटणारा असावा. आमच्या दुकानात एकदा पडद्याची एक कडी तुटली होती आणि बरेच दिवस मी ती बदलली नाही. एक ट्रान्स गिऱ्हाईक चोळी अंगावर न घालताच पैसे देऊन निघून गेली. मला वाटले तिला घाई आहे. कडीकडे माझे लक्ष फार उशिरा गेले.

फोटोविषयीही एक सांगतो, माझा मुलगा त्या व्यवसायात आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड पाठवत असे, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती बरोबर आली की रंग बरोबर, असे ठरलेले होते, आणि त्यामुळे गडद कांतीचा चेहरा नुसता काळोखा उमटायचा. फिल्म गेली तरी तो डोळा अजून गेलेला नाही. मुलगा म्हणतो की गडद चेहऱ्यावर समोरून प्रखर झोत न टाकता बाजूने मोठा, मऊ प्रकाश द्यावा, पांढऱ्या कपड्यावर कॅमेरा न जुळवता चेहऱ्यावर जुळवावा, आणि मेकअप करणारीकडे तिच्या कांतीचे फाउंडेशन आहे का हे आदल्या दिवशी विचारावे. एवढे केले की उजळ करण्याचे कारण उरत नाही. कुरळ्या केसांना हात लावणारी व्यक्ती ते काम येणारी असावी, नाहीतर ते त्या मुलीवरच सोपवून त्या वेळेचेही पैसे द्यावेत.


उत्तर
मोगरा

मी ट्रान्स स्त्री आहे, बडोद्यातच राहते, मराठी माझ्या आजीकडून मिळालेली आहे. प्रश्न वाचून मी तीन दिवस लिहू की नको असा विचार करत होते.

शब्दाविषयी आधी सांगते. मला ‘ट्रान्स स्त्री’ चालते, लेखात ‘पारलिंगी स्त्री’ही चालेल. ‘तृतीयपंथी’ हा शब्द माझ्या काही मैत्रिणी अभिमानाने वापरतात, मी स्वतः वापरत नाही. बाजारात आम्हाला ‘मासीबा’ म्हणतात, तो मान आहे आणि मी तो ओळखते, पण शिलाई मशीनवर बसलेली असताना मला माझ्या नावाने हाक मारलेली आवडेल. अमेरिकेतील ज्या स्त्रियांविषयी लिहायचे आहे त्या स्वतःला ‘ब्लॅक’ म्हणवतात आणि ते अभिमानाने म्हणवतात, तेव्हा ‘कृष्णवर्णीय’ लिहिताना त्याचा अर्थ नुसता कातडीचा रंग नाही, हे कुठेतरी एकदा स्पष्ट करावे.

ट्रेसी नॉर्मन यांची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला त्या मदतनिसापाशी थांबावे लागले. त्याने काय मनात आणून सांगितले, ते मला माहीत नाही. माझ्या बाबतीत पूर्वी मी जिथे इस्त्री आणि फिनिशिंगचे काम करत होते, तिथे एका गिऱ्हाइकाने मला शाळेपासून ओळखले आणि हसत हसतच मालकांना सांगितले. मालक वाईट बोलले नाहीत. महिना भरू दिला, पगार पूर्ण दिला, आणि पुढच्या महिन्यापासून काम कमी आहे असे म्हणाले. काम कमी नव्हते, दिवाळी तोंडावर होती. म्हणून ताई, तुम्ही “कळवते” म्हणालात त्या शब्दाचे वजन मला माहीत आहे, आणि तुम्ही ते येथे लिहिलेत याचेही मोल मला आहे.

आम्हाला फ्लेक्सवर घेण्याची घाई करू नका. जिचे घर तिला ट्रान्स म्हणून ओळखत नाही, तिचा फोटो चौकात लागला तर तिची खोली जाऊ शकते. फोटो काढायचाच असेल तर तो कुठे लागणार, किती दिवस लागणार, खाली काय लिहिणार हे आधी सांगा, आणि नाही म्हटल्यावर रागावू नका. आमची जीवनकहाणी छापू नका, आभल्याचे काम छापा. मला हवे असते ते श्रावणापासून नवरात्रीपर्यंतच नव्हे तर माघ-फाल्गुनातही हाताला काम, इतर कारागिरांना मिळतो तोच दर, आणि ओळखपत्रावरचे नाव व बँकेतले जुने नाव जुळेपर्यंत मजुरी अडवली जाणार नाही याची खात्री. माझे ओळखपत्र २०२२ मध्ये आले आणि बँकेतले नाव बदलायला त्यानंतर सात महिने लागले. त्या सात महिन्यांत एका बाईंनी मला दर शनिवारी रोख पैसे दिले आणि वहीत माझ्या खऱ्या नावापुढे सही घेतली. ती वही मी अजून विसरलेले नाही.

स्वच्छतागृहाचे म्हणाल तर आतून कडी लागत असेल तर ते पुरेसे आहे.


उत्तर
आभलेवाली (दांडिया बाजार, बडोदे)

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण नुसते धन्यवाद लिहिणे बरे वाटेना.

मोगरा, आपले उत्तर मी आमच्या सहाही कारागिरांना मोठ्याने वाचून दाखवले. इस्त्रीवाल्या ठिकाणची हकीकत वाचताना आमच्या सर्वांत जुन्या कारागीर, ज्यांच्या कुरकुरीची मला भीती होती, त्या मशीन थांबवून ऐकत होत्या. त्यांनी एवढेच विचारले की ती आभल्याचा नमुना कोणत्या कापडावर घेऊन आली होती. मी मशरूवर, म्हणजे रेशीम-सुताच्या कापडावर, म्हणाले. मशरूवर आभले बसवणे सोपे नाही, असे त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. त्या बाईंचा नंबर माझ्याकडे जुन्या वहीत होता. पहिला फोन त्यांनी उचलला नाही, दुसरा उचलला. मी उशिरा का होईना क्षमा मागितली. त्या सोमवारी येणार आहेत, आणि दर आधी ठरवून मगच काम हातात घेईन असे त्यांनी सांगितले, जे योग्यच आहे.

वाडीतल्या वाचकांचा मुद्दा लेकीने प्रबंधाच्या प्रस्तावनेत घेतला असून दोन अनुभवांची बेरीज करण्याची चूक आपल्याच घरी कशी झाली, हेही तिने आमची परवानगी घेऊन लिहिले आहे. मुखपृष्ठांची यादी तिने परिशिष्टात टाकली आणि मुख्य प्रकरणात पुढची कामे कोणाला मिळाली याचा तक्ता ती करते आहे. दिरांनी कमाटीबागेचा मजकूर वाचला. ते काही बोलले नाहीत, पण पडद्यासाठी नवी कडी आणि स्वच्छतागृहाच्या दारासाठी आतली कडी अशा दोन्ही त्यांनी स्वतः आणून बसवल्या.

त्या विद्यार्थिनीला लेकीने निरोप पाठवला. ती शिक्षण संपवून मायदेशी परतली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांचा मोबदला देऊ इच्छितो असे कळवल्यावर तिने तो स्वीकारला, आणि पैशांबरोबर आणखी एक गोष्ट मागितली. फोटोग्राफरकडे मूळ छायाचित्र, रंग न बदललेले, असेल तर ते तिला हवे आहे, कारण त्या हळदी चोळीतला तिच्या आईला दाखवता येईल असा एकही फोटो तिच्यापाशी नाही. फोटोग्राफरच्या जुन्या संगणकात ते सापडते का, ते पाहायला आम्ही उद्या सकाळी जात आहोत.